बशीवरची नजर

बबनतात्या बशीतून चहा पीत नसत, बशीवरून बघत असत. कपातला चहा बशीत ओतायचा, बशी दोन्ही हातांनी उचलून नाकापाशी न्यायची आणि फुंकर मारायच्या निमित्तानं तिच्या काठावरून डोळे घरभर फिरवून आणायचे. मांडणीवरची भांडी घासलेली आहेत की नुसती विसळलेली, भिंतीवरचं कॅलेंडर यंदाचं आहे की गेल्या सालचं, आतल्या दारात उभी असलेली बाई कुणाला डोळे वटारते आहे, सगळं एका बशीत उरकायचं. बशी खाली आली की पाहणी संपली. घरच्यांना वाटायचं, पाव्हण्यांना चहा फार आवडलेला दिसतोय. म्हणून ते आणखी अर्धा कप ओतायचे. तात्या तोही प्यायचे.

तात्या सोयरिकी जमवत. मार्गासनीच्या वरच्या अंगाला आमची वाडी, तिथं त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. चार म्हशी, थोडी शेरडं आणि वेल्ह्यापासून भोरपर्यंतच्या लग्नाळू पोरापोरींची डोक्यात साठवलेली माहिती, एवढी त्यांची इस्टेट. मुलगी बघायला निघालेली जीप वाडीखाली येऊन हॉर्न वाजवायची आणि तात्या टोपी झटकत उतरणीला लागायचे. लग्न जमलं तर टोपी-उपरणं घ्यायचे, मोडलं तर मुलाच्या बापाला चार शब्द सुनवायचे.

"पोरगी बघायला डोळं लागत न्हाईत," ते म्हणायचे. "ती समोर आणून बसिवत्यात. जे समोर आणत न्हाईत ते बघायला डोळं लागत्यात."

त्यांचा एक नियम मात्र मला कधी पटला नाही. पाहणीला जाताना पुढं बसणारं माणूस अव्यंग पाहिजे. लंगडणारा चुलता, एका डोळ्यानं अधू मावशी, कपाळाला कुंकू नसलेली आत्या, अशांना ते मोठ्या गोड आवाजात मागं बसवत. "आक्का, तुमी जरा सावलीला बसा," म्हणायचे. सावली कुठंच नसायची. आक्काला कळायचं आणि ती उठून मागं जायची. "पैल्या नजरंला खोट दिसाया नगं," हे त्यावर तात्यांचं स्पष्टीकरण.

माझ्यासाठीही त्यांनी एक स्थळ आणलं होतं. मी नुकती बारावी झाले होते. वडील जवळजवळ तयार झाले. मी जेवण सोडलं, आईनं माझ्या बाजूनं तोंड उघडलं आणि मिटलं. तात्या निकाल ऐकायला आले, आईनं चहा दिला, त्यांनी बशी उचलली. बशीवरून माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, झाकून ठेवलेल्या माझ्या ताटाकडं बघितलं. बशी खाली ठेवून वडिलांना म्हणाले, "तुकाराम, शिकू दे हिला."

"आन् पाव्हण्यास्नी काय सांगू?"

"त्यांचं म्या बघतो. शिकल्याली पोरगी मला खपवायला सोपी जाती."

असल्या वाक्याचा राग यायला हवा होता. मला आला नाही. मी त्या वाक्यावर पुण्याला गेले आणि ऑप्टोमेट्रीची पदवी घेऊन आले. आमच्या घरातली ती पहिली पदवी. हे मी मुद्दाम लिहिते. ज्यांच्या घरात आधीच्या पिढ्या शिकलेल्या असतात त्यांना ते लिहावं लागत नाही, मला लागतं. आज मी नसरापूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. वाडीच्या लेखी मी 'नंबर काढणारी'. तात्या मात्र चारचौघांत मला डाक्टरीणबाई म्हणत.

"तात्या, मी डॉक्टर नाही. ऑप्टोमेट्रिस्ट."

"मग लोकास्नी काय सांगू? त्यो शबूद म्हणंपतुर एसटी निघून जाती."

पुढं मी माझ्यासोबत शिकलेल्या मुलाशी माझं लग्न माझं मी ठरवलं. ते आपणच जमवलं असं तात्या सगळीकडं सांगत फिरले. "म्याच पुण्याला धाडली की तिला," हा त्यांचा पुरावा. तो खोडून काढणं मला आजवर जमलेलं नाही.

एवढ्या वराती वाजवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दारात मात्र वाजंत्री येईना. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात तात्या आणि त्यांचा एकुलता एक दत्ता. दत्ता कष्टाळू, निर्व्यसनी, बोलायला कमी. दिवस उगवायच्या आधी धारा काढून दूध डेअरीला घालणारा. पण "मुलगा काय करतो?" याचं उत्तर "म्हशी हायेत" असं आलं की पलीकडून फोन ठेवण्याचा आवाज यायचा. तात्या दुसऱ्यांच्या मुलांसाठी खोटं बोलत, "पुण्यात कंपनीत हाय, सुट्टीला आलाय" असं रेटून सांगत. स्वतःच्या मुलासाठी त्यांची जीभ रेटत नव्हती. दत्ता चौतिशीला आला.

अशात वरवे बुद्रुकच्या एका घरानं, मुलगा म्हशीवाला आहे हे कळूनही, या म्हणून निरोप दिला. मुलगी सारिका, वडील नाहीत, दोन मामांनी वाढवलेली, तिथल्याच एका लहान कारखान्यात पॅकिंगला जाणारी. रविवारचं ठरलं. बाईमाणूस पाहिजे म्हणून तात्यांनी मला बजावून ठेवलं, "तू ये. आन् साडी नेस. त्यो दवाखान्याचा पांढरा कोट नगं."

त्याच आठवड्यात, बुधवारी सकाळी, दत्ता तात्यांना मोटरसायकलवर मागं बसवून आमच्या दवाखान्यात आला. तात्यांची डावी पापणी पूर्ण पडलेली होती. दुकानाचं शटर पडावं तशी.

"दोन दिस भुवईत ठणकत हुतं," तात्या म्हणाले. "आज उठून बघतो तर ह्यो डोळा उठलाच न्हाई."

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि अंगठ्यानं पापणी वर उचलली. आतला डोळा माझ्याकडं बघतच नव्हता. तो बाहेरच्या अंगाला आणि जरा खाली वळलेला, जणू त्याला खिडकीतून कुणी हाक मारली होती.

"तात्या, माझ्याकडं बघा."

"बघतोच हाय की. दोघींकडंबी."

दत्ता हसला. मी हसले नाही, कारण मला आता एकच गोष्ट बघायची होती. मी बॅटरी घेतली आणि त्या डोळ्यावर उजेड मारला. बाहुली मोठी होऊन तशीच थिजून राहिलेली असली तर मामला जिवावरचा असू शकतो, डोक्यातली रक्तवाहिनी फुगून नसेवर दाबत असू शकते, हे मला शिकवलेलं होतं. उजेड पडला आणि बाहुली टचकन बारीक झाली. दुसऱ्या डोळ्याची झाली तेवढीच. मी पुन्हा एकदा मारून बघितला. मग श्वास सोडला.

"काय गं? काय बिघाडलंय?"

"तिसरी नस, तात्या. मेंदूतून निघणाऱ्या नसांमधली तिसरी. पापणी वर उचलायचं काम तिचं. डोळा नाकाकडं वळवायचा, वर न्यायचा, खाली न्यायचा, तेही तिचंच. आणि उजेडात बाहुली बारीक करायचं. बाहुलीचं काम चाललंय, बाकीचं बंद पडलंय."

"आन् पापणी मिटायचं?"

"ते सातव्या नसेचं."

तात्यांनी चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं रोखून बघितलं. "म्हंजी उघडणारी येगळी आन् मिटणारी येगळी? एका दाराला दोन गडी?"

"हो."

"मग तिसरीनं संप केलाय म्हण. सातवी कामावर हाय."

मी इतकी पुस्तकं वाचली, पण हे इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या सरांनी तपासलं आणि त्याच दिवशी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. मीही सोबत गेले. डोक्याचा फोटो चांगला निघाला. रक्तात साखर मात्र अशी निघाली की तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मधुमेहानं त्या नसेचा रक्तपुरवठा आखडला होता. साखर आटोक्यात ठेवली तर तीनेक महिन्यांत नस बहुतेक पूर्ववत होईल, असं त्यांनी सांगितलं.

"चहात साखर किती घेता?"

"घरी एक चमचा," तात्या म्हणाले. "पण मी घरी असतोय कुठं?"

आणि ते खरंच होतं. हयातभर लोकांच्या घरचा पाहुण्यांसाठी केलेला गोडमिट्ट चहा, पोहे, वरून लाडू, जमलं की पेढे. खाणकामगाराच्या छातीत धूळ बसते तशी तात्यांच्या रक्तात सोयरीक बसली होती.

परतताना मी त्यांना नीट समजावलं. पापणी पडलीय ते एका अर्थी बरंच आहे. दोन डोळे दोन दिशांना बघतात म्हणून एकाचे दोन दिसतात. एक झाकलेला राहिला की एकच दिसतं. तेव्हा पापणी उचलायची नाही. नस आपोआप उचलेल.

"आन् रईवारी?"

"असेच चला."

"काणा बाप घिऊन पोरगा वरव्याला जानार?"

"मग तारीख पुढं ढकला."

"आजवर किती जणांची ढकलाढकल बघितलीय म्या. ढकललं की गेलं." हे ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं.

रविवारी मी दवाखान्यातून परस्पर वरव्याला गेले. ओसरीत पाऊल टाकलं तर तात्या सगळ्यांच्या पुढं ताठ बसलेले, आणि दोन्ही डोळे सताड उघडे! टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, नाकावर कुणाचा तरी जाड काळ्या काडीचा चष्मा. मी जवळ जाऊन बसले तेव्हा दिसलं: दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी पापणीला लावून वर ताणून टोपीच्या आत नेऊन चिकटवली होती.

"तात्या!" मी दबक्या आवाजात म्हणाले.

"गप. म्या सगळं बघून ठिवलंय. दोघांतला डावीकडचा खरा. उजवीकडं जरा वर तरंगतोय त्यो खोटा. म्हशींवर तालीम केलीय."

नियम बरोबर होता. मी शिकलेल्या शास्त्राप्रमाणेही तो बरोबरच होता. पण म्हशी जिथल्या तिथं उभ्या राहतात आणि त्यांना मानपानाचं काही नसतं.

आतून सारिकाचे दोन मामा आले. सख्खे भाऊ, दोघांच्या अंगात पांढरा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, ओठावर सारखीच मिशी. थोरले मामा समोरच्या बाजेवर टेकले. धाकटे त्यांच्या उजव्या हाताला नाही, तात्यांच्या उजव्या हाताला, प्लॅस्टिकच्या उंच खुर्चीवर बसले. म्हणजे तात्यांच्या हिशेबात उजवीकडे, आणि जरा वर तरंगणारे.

तात्यांनी थोरल्यांना हात जोडून रामराम घातला. धाकट्यांनी हात जोडले ते जोडलेलेच राहिले. तात्यांनी त्यांच्याकडं ढुंकून बघितलं नाही. नुसतं तेवढं असतं तरी निभावलं असतं. पण त्यांच्या मांडीवर नारळाची आणि केळ्यांची पिशवी होती, ती कुठं तरी ठेवायची होती, आणि उजवीकडं जागा मोकळी आहे अशी त्यांची खात्री होती. त्यांनी पुढं वाकून ती पिशवी धाकट्या मामांच्या मांडीवर ठेवून दिली. ठेवून वर थोपटली.

मुलीचा मामा! त्याला पाहणीत पहिला मान, आणि याला सामान ठेवायची फळी केली. धाकट्या मामांची मिशी थरथरायला लागली.

नंतर मी विचारलं तेव्हा तात्या म्हणाले, "मला तीन दिसलं गं. एकाचं दोन हुत्यात, तीन कसं व्हतील? म्हटलं नस आनखी बिघाडली. पैला धरला, बाकीचं सोडलं." थोरल्यांचा खोटा नेमका धाकट्यांवर पडला होता, म्हणून चाराचे तीन.

सारिका ट्रे घेऊन आली. उंच, सावळी, नजर खाली. खाली गेलेली नजर ट्रेवरच असते असा सगळ्यांचा समज असतो. पाया पडायला वाकली तर तात्यांचा आशीर्वादाचा हात तिच्या डोक्याशेजारी हवेतच फिरला. मग चहा. मी मनात म्हटलं, तात्या, आज तरी कपानं प्या. पण सवय ती सवय. त्यांनी कप उचलला, बशी उचलली. आता दोन कप आणि दोन बशा. डावा कप खरा, डावी बशी खरी, हे पाठ होतं. पण खोटा कप नेमका खऱ्या बशीवर तरंगत होता. तात्यांनी मोठ्या ऐटीत चहा ओतला. तो सगळाच्या सगळा थोरल्या मामांच्या पायावर.

कुणी काही बोलायच्या आत दत्ता उठला. खिशातला नवा रुमाल काढला, मामांचा पाय पुसला, फरशी पुसली, बापाच्या हातातून बशी काढून घेतली आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला.

धाकट्या मामांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "पाव्हणं वाटंत कुठं थांबलंवतं का?" त्यांनी विचारलं. या प्रश्नाचा अर्थ आमच्या भागात एकच होतो.

"त्यांच्या डोळ्याच्या नसेला…" मी सुरुवात केली.

"नसंनसंत काय भिनलंय ते दिसतंयच की, बाई," थोरले मामा पाय झटकत म्हणाले.

संध्याकाळी फोन आला. जमणार नाही. बाप पिऊन पाहणीला येतो, तिथं आम्ही पोर देत नाही.

तात्यांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. वरातीत कुणी डगमगताना दिसला तर त्याचं स्थळ ते डोक्यातून कायमचं पुसून टाकत. असा माणूस दारुडा ठरला, आणि बातमी तर खोऱ्यात पसरायला वेळ लागत नाही. ते बाहेर पडेनात. चिकटपट्टी काढून टाकली, चष्मा ज्याचा त्याला परत केला आणि गोठ्यात भिंतीकडं तोंड करून बसून राहिले.

मी गेले तेव्हा दत्ता वैरण टाकत होता. "जाऊ दे ना ताई," तो म्हणाला. "आमाला काय सवय न्हाई व्हय?" आणि पुन्हा पेंढीला हात घातला. त्यानं चिडून बोललेलं चाललं असतं मला.

तात्या भिंतीकडंच बघत म्हणाले, "मला काय म्हणायचं ते म्हणू द्या. पोराचं मोडलं, माझ्या डोळ्यापायी. सगळ्या तालुक्याची खोट म्या झाकली, माझी झाकता येईना."

"झाकली म्हणूनच मोडलं," मी म्हणाले. मी बोलते ती अशीच, तोडून. "उघडी ठेवून गेला असतात तर फार तर म्हणाले असते, म्हाताऱ्याचा डोळा अधू आहे. आता चला. परत जायचं."

"एकडोळ्यानं?"

"एकडोळ्यानंच. पुढं बसायचं."

"आगं, पुढं बसायचं माणूस…"

"तो नियम तुम्हीच केलाय ना? मग मोडायलाही दुसऱ्या कुणाला विचारायला नको. तुमच्या एका शब्दावर मी पुण्याला गेले, तात्या. आता माझ्या एका शब्दावर तुम्ही वरव्याला चला. ते जवळ आहे."

पुढच्या रविवारी आम्ही न कळवता गेलो. कळवलं असतं तर घराला कुलूप दिसलं असतं. तात्यांची टोपी या वेळी मागं सरकवलेली, चष्मा नाही, पट्टी नाही, डावा डोळा बंद. अंगणात थोरले मामा लसूण सोलत बसले होते. त्यांनी बसा म्हटलं नाही.

"बसत नाही," मी म्हणाले. "फक्त हे पेन धरा."

मी तात्यांची पापणी अंगठ्यानं उचलून धरली आणि मामांना पेन डावी-उजवीकडं फिरवायला सांगितलं. मामांनी नाराजीनंच फिरवलं. उजवा डोळा पेनाबरोबर गेला, पेनाबरोबर आला. डावा नाकाकडं यायचं नावच घेईना. मामांनी पुन्हा फिरवलं. मग जलद फिरवलं, जसं काही डोळा नाटक करतोय आणि ते त्याला पकडणार आहेत. मग वर, मग खाली. लसूण बाजूला राहिला.

"आयला, ह्यो तर ऐकतच न्हाई की!"

"याला तिसरी नस म्हणतात," मी म्हणाले, आणि पुण्याच्या रिपोर्टासकट सगळं सांगितलं. पदवीचा असा उपयोग करायला मिळणं हे भाग्य आहे. मी भरपूर वेळ घेतला.

"आता चहा आणा," मी शेवटी म्हणाले. "बिनसाखरेचा."

चहा आला. तात्यांनी डोळा मिटलेला ठेवून कपातला अर्धा चहा बशीत ओतला. हात स्थिर, धार सरळ, थेंब बाहेर नाही. मी पापणी उचलली, म्हटलं, आता उरलेला ओता. थोरल्या मामांनी आधी पाय वर घेतले. चहा मातीत गेला.

धाकटे मामा इतका वेळ दाराला टेकून हात बांधून उभे होते. ते एकदम म्हणाले, "त्यात काय इशेष? आमचंबी तसंच हुतं. एक डोळा झाकला की एकच दिसतंय."

थोरले मामा सावकाश वळले. "तुझं कवा हुतं रं तसं?"

धाकट्या मामांनी बांधलेले हात सोडले, टोपी सारखी केली, आणि गाय बघून येतो म्हणून मागल्या दारानं गेले. त्यांच्याकडं गाय नव्हती.

तेवढ्यात सारिका उंबऱ्यावर आली. "मामा, मला एकदा इचारायचं तरी," ती म्हणाली. "त्यांच्या समुर मी वाकले हुते. वास आला असता तर पैला मला आला असता. तोंडाला नुसता चहाचा वास हुता."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलं का? पाय भाजला म्हणून तुमी बोंबलत हुता." मग तिनं दत्ताकडं मान वळवली, दत्तानं जमिनीकडं. "आन् बाप असा सगळ्यांसमुर फजित झाला तर ह्यांनी त्यांना डोळं न्हाई वटारलं. रुमाल काढला, पुसलं. मी बघितलंय. मला चालतंय."

तात्यांनी रिकामी बशी खाली ठेवली. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आयला! ही टिरेवरनं बघती." त्यांच्या तोंडून कुणाचं एवढं कौतुक मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

लग्न मार्गासनीला झालं. तोवर नसेचा संप निम्मा मिटला होता. फोटोत तात्यांची डावी पापणी अर्धी वर आहे, झोपेतून उठून कोण आलंय ते बघावं तशी. धाकट्या मामांना त्यांनी स्वतः उठून दोनदा रामराम घातला. "मागचा एक राह्यलावता," म्हणाले. आणि दारात वळकटीशेजारी बसलेली दत्ताची विधवा चुलती, जिला त्यांनी कित्येक लग्नांत सावलीला धाडलं होतं, तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. "आक्का, हितं नगं. पुढं चला."

"सावली हाय हितं," चुलती म्हणाली. ती विसरली नव्हती.

"ऱ्हाऊ द्या सावली. तुमच्यापायी कुणाचं अडत न्हाई. अडलंवतं ते माझ्यापायी." तिला हाताला धरून त्यांनी पहिल्या रांगेत बसवलं. त्यानंतरच्या प्रत्येक पाहणीत हेच. लंगडा चुलता पुढं, अधू मावशी पुढं. मुलीकडचे कुजबुजले तर तात्या बशी तोंडाशी नेऊन म्हणायचे, "आमची खोट आमी आधीच मांडलीया. आता तुमची काढा."

पापणी पुढं पूर्ण वर आली, डोळाही नाकाकडं यायला शिकला. साखर मात्र सारिकाच्या ताब्यात गेली. तात्या कुठल्या गावाला गेलेत ते काढून ती त्या घरी आधीच फोन करायची, "आमच्या सासऱ्यांना बिनसाखरेचा." तात्या माझ्याकडं तक्रार घेऊन यायचे. "सून न्हाई गं ही, नाका हाय नाका. जकात घेतल्याबिगर सोडत न्हाई." तक्रार करताना दोन्ही डोळे हसत असायचे. सवयीनं मी बाहुल्याही बघून घ्यायची.

गेल्या थंडीत ते गेले. सकाळी गोठ्यातून आले, सारिकानं दिलेला चहा बशीत ओतला, आणि बशी वर न्यायच्या आधी भिंतीला टेकले. मी पोचले तेव्हा त्यांना ओसरीत निजवलं होतं. उजवा डोळा मिटलेला. डावा मात्र उघडा राहिलेला. दत्तानं हात फिरवून बघितला होता, मी फिरवून बघितला; पापणी पुन्हा अर्धी वर यायची. आयुष्यात एकदा जो डोळा उघडायला तयार नव्हता तो आता मिटायला तयार नव्हता. उघडणारी तिसरी, मिटणारी सातवी, मला सगळं पाठ होतं. पण दोन्ही गडी काम सोडून गेले होते, आणि माझ्या पदवीत याच्या पुढचं काही शिकवलेलं नव्हतं.

सारिका आतून आली. पदर खोचला, उशाशी बसली आणि तळहात त्या डोळ्यावर ठेवला. नुसता ठेवून राहिली, घाई न करता. रोज साखरेवरून रागवायची त्याच आवाजात म्हणाली, "तात्या, घर बघून झालं की. पसंत हाय न्हवं? मग मिटा आता."

बऱ्याच वेळानं तिनं हात काढला. डोळा मिटलेला होता.